मदत हवी आहे : लिनक्स मिंटवरून उडालेली भुलाबाईच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं परत मिळतील का?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते, पोरी-बाया जमून तिची गाणी म्हणतात. ती गाणी मी गावोगावच्या बायांकडून रेकॉर्डरवर भरून घेते. आताच्या पोरी चार-दोन गाणी उरकतात आणि खाऊ ओळखायला बसतात. लांब गाणी तोंडपाठ असलेल्या बाया सत्तरीच्या पुढच्या. त्यातल्या एक आजी उन्हाळ्यात वारल्या, त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

परवा शाळकरी भाच्यानं गेमसाठी जागा करायला म्हणून ते अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं. ट्रॅश रिकामी आहे. आत वेव्ह फायली होत्या आणि लिब्रेऑफिसमध्ये उतरवून घेतलेले गाण्यांचे शब्द.

मशीन जुना डेस्कटॉप. ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क, ईएक्सटी४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची लिनक्सची पद्धत), सगळं एकाच पार्टिशनमध्ये. बॅकअप घेणारं टाइमशिफ्ट चालू होतं. कळल्याबरोबर मशीन बंद केलं, अजून लावलेलं नाही.

आता पुढं काय करू? मशीन लावून टेस्टडिस्क (पुसलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर) टाकलं तर ते त्याच डिस्कवर लिहिलं जाणार ना? आणि फायली नावासकट मिळतील का? नावातच बाई कोण, गाव कोणतं, गाण्याची पहिली ओळ कोणती, हे सगळं होतं. यवतमाळच्या एका दुकानात फोन केला तर तो म्हणे, "घेऊन या, विंडोज टाकून पाहू." मी फोन ठेवून दिला.

प्रतिसाद १

फोन ठेवला ते बेस केलं ताई! विंडोज टाकलं असतं तर त्या फायलींच्या जागेवरच जाऊन बसलं असतं.

टाइमशिफ्टवर भिस्त ठेवू नका. ते सिस्टीमच्या फायली जपतं, होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं. टेस्टडिस्कचंही तसंच. पुसलेल्या फायली परत आणायचं त्याचं काम फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस आणि जुन्या ईएक्सटी२ वर चालतं. ईएक्सटी४ मध्ये फाइल पुसली की तिचे तुकडे डिस्कवर कुठं आहेत याची नोंद शून्य केली जाते. मजकूर जागेवरच असतो, पत्ता तेवढा जातो. जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या बदलांच्या नोंदवहीत, त्या नोंदीची जुनी प्रत कधीकधी राहून जाते आणि एक्स्टअनडिलीट नावाचं टूल तीच शोधतं. पुसल्यावर लगेच मशीन बंद केलंत म्हणून ते करून पाहण्यात अर्थ आहे, पण फार आशा नको.

ती डिस्क बूट करू नका. नुसतं मशीन लावलं तरी लॉग लिहिले जातात. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (हार्डडिस्कशिवाय मिंट ज्यावरून चालतं तो) बनवून आणा, त्यावरून मशीन लावा. तुमचं पार्टिशन माउंट न करता (म्हणजे न उघडता) डीडीरेस्क्यू या टूलनं पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घ्या. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर, मूळ डिस्क कपाटात. इमेजला काही तास लागतील आणि आपल्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून डीडीरेस्क्यूला मॅपफाइल (किती काम झालं याची नोंद) नक्की द्या. मधेच बंद पडलं तर जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. फक्त ती मॅपफाइल बाहेरच्या डिस्कवरच ठेवा. लाइव्ह सेशनमध्ये ठेवली तर लाईनीबरोबर तीही जाईल.

मग इमेजवर फोटोरेक चालवा. नाव फोटोचं असलं तरी ते वेव्ह आणि ओडीटीही (लिब्रेऑफिसच्या फायली) काढतं. फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून ते फाइल उचलतं, फाइलसिस्टीमकडं बघतच नाही, म्हणून नावं आणि फोल्डर मिळणार नाहीत. वेव्हच्या सुरुवातीलाच तिची लांबी लिहिलेली असते, त्यामुळं सलग पडलेली फाइल पूर्ण निघते. तुकड्यांत विखुरलेली असेल तर मधेच खरखर ऐकू येईल.

एसएसडी नाही हे तुमचं नशीब. तिच्यावर मिंट आठवड्यातून एकदा ट्रिम चालवतं, म्हणजे पुसलेली जागा खरोखर मोकळी करून टाकतं, त्यानंतर सहसा हाती काही लागत नाही.

प्रतिसाद २

डिस्कचं राहू द्या घडीभर. रेकॉर्डरचं कार्ड कुठं आहे? ३२ जीबीपर्यंतची कार्डं बहुधा फॅट३२ असतात. तिथं फाइल पुसली की नोंदीचं पहिलं अक्षर तेवढं बदलतं, बाकी नोंद तशीच राहते. टेस्टडिस्क तिथं खरं कामाचं.

धागाकर्ती

अगं बाई, कार्डाचं डोक्यातच आलं नव्हतं! कोजागिरीनंतर फायली संगणकावर घेऊन कार्ड रिकामं केलं होतं. त्यावर नवीन काही भरलेलं नाही, रेकॉर्डर पेटीतच आहे. पण ती फक्त यंदाची. ज्या आजी वारल्या त्यांचं रेकॉर्डिंग मागच्या वर्षीचं, त्यावरून यंदाची गाणी भरली गेली असतील. म्हणजे त्यांच्यासाठी हार्डडिस्कच. आणि फोटोरेकनं काढलेल्या बिननावाच्या ढिगात त्यांना शोधायचं कसं?

प्रतिसाद २

आधी कार्ड. अडॅप्टरच्या बाजूचं लॉकचं बटण खाली ओढूनच लावा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

ढिगाचं म्हणाल तर बरेच रेकॉर्डर वेव्हच्या आतच भरल्याची तारीख-वेळ लिहून ठेवतात. फाइलचं नाव गेलं तरी ती आत राहते. एक्झिफटूलनं (फाइलच्या आतली अशी माहिती दाखवणारं टूल) एखादी फाइल उघडून पाहा. तारीख दिसली तर त्याच टूलनं सगळ्यांना तारखेवरून नावं देता येतील. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर होतं का तेवढं आधी तपासा, बॅटरी काढली की काहींचं घड्याळ मागं जातं. कोणत्या दिवशी कोणाकडं गेला होता हे कुठं लिहून ठेवलंय का?

धागाकर्ती

वहीत आहे, तारीख, गाव, बाईचं नाव सगळं. घड्याळ आत्ता पाहिलं, वीस मिनिटं मागं आहे, तारीख बरोबर. बाहेरची डिस्क दारव्ह्याहून मागवली आहे. लाइव्ह पेनड्राइव्ह शाळेतले सर बनवून देतो म्हणाले. इमेज झाली की इथेच कळवते.

प्रतिसाद १

ओडीटीसाठी वेगळं चालवू नका, फोटोरेकच्या यादीत वेव्हबरोबर झिपवरही खूण करा. ओडीटी म्हणजे आतून झिपच, ती त्याच खुणेखाली येते.