विषय : शाळेच्या न्याहारीचे पत्र – पोह्यांचे वाक्य ठेवायचे की काढायचे?

सर्वांस सप्रेम नमस्कार,

येथील सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या वेलनेस (आरोग्य व आहार) समितीची बैठक गुरुवारी दुपारी चार वाजता असून शाळेतील न्याहारीत काय बदल हवेत हे सांगणारे आपल्या मंडळाचे पत्र बुधवारी रात्रीपर्यंत पोचले पाहिजे. मागच्या वेळची धावपळ सर्वांच्या स्मरणात असेलच, म्हणून मसुदा आजच जोडला आहे. जिलेटिन (जनावरांपासून काढलेला, खाद्यपदार्थांत घातला जाणारा पदार्थ) आणि न्याहारीची वेळ या दोन परिच्छेदांना कार्यकारिणीची संमती आहे. तिसऱ्या परिच्छेदातील ‘आठवड्यातून एकदा पोहे द्यावेत’ या वाक्यावर मात्र एकमत झाले नाही. हरकती उद्या रात्रीपर्यंत कळवाव्यात.

– सचिव

*

सचिव महोदय,

पोह्यांचे वाक्य काढण्याचे कारण मला समजले नाही. गणेशोत्सवात भोजन समितीने सकाळी नऊच्या आत साडेतीनशे माणसांना गरम पोहे वाढले होते आणि त्या रांगेत निम्म्याहून अधिक मुलेच होती, तेव्हा मुले खाणार नाहीत हा आक्षेप टिकत नाही. माझी नात शाळेत रोज तेच थंडगार मफिन आणि चॉकलेटचे दूध घेते व मफिन अर्धे टाकून देते. डिस्ट्रिक्टकडे माणसे नसतील तर महिन्यातून एक दिवस आपले सातआठ स्वयंसेवक घरून पोहे करून नेतील. भांडी मंडळाची आहेतच.

– भोजन समिती

*

काका,

आपल्या हातच्या पोह्यांविषयी कोणाचेच दुमत नाही, पण मी सहा वर्षे एका दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आहे आणि हे वाक्य असेच गेले तर समिती ते वाचून बाजूला ठेवील, अशी मला भीती वाटते.

घरी शिजवलेले अन्न शाळेच्या न्याहारीत वाढता येत नाही, त्याला परवाना असलेले स्वयंपाकघर लागते. ही अडचण कशीबशी दूर झाली तरी खरा प्रश्न हिशेबाचा आहे. कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला न्याहारी आणि दुपारचे जेवण विनामूल्य मिळते, परंतु डिस्ट्रिक्टला पैसे मिळतात ते नियमात बसणाऱ्या प्रत्येक ताटामागे. न्याहारीत किमान चार पदार्थ मांडावे लागतात आणि मुलाने त्यांतले तीन उचलावे लागतात, ज्यांत अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच. मूल नुसते दूध घेऊन वर्गात पळाले तर ती न्याहारी मोजली जात नाही. धान्याच्या बाबतीत आठवड्याच्या पदार्थांपैकी किमान ८० टक्के अख्ख्या धान्याचा भर असलेले असावे लागतात आणि उरलेले जीवनसत्त्वे व लोह घालून समृद्ध केलेले. आपले साधे पांढरे पोहे या दोहोंपैकी कशातच बसत नाहीत. म्हणजे मुलाने वाटीभर पोहे चाटूनपुसून खाल्ले तरी कागदावर त्याने धान्य खाल्लेच नाही!

दलियाचा उपमा मात्र बसतो. दलिया हा अख्खा गहूच असल्यामुळे २८ ग्रॅम कोरडा दलिया, म्हणजे शिजवून सुमारे अर्धा कप, हा धान्याचा एक पूर्ण भाग धरला जातो. नाचणी आणि बाजरी हीसुद्धा अख्खी धान्येच आहेत. मटार-गाजर घातलेला दलियाचा उपमा मोठ्या ट्रेमध्ये तासभर गरम राहतो, पोहे तेवढ्या वेळात वातड होतात.

– स्वयंपाकघरातली मी

*

ताई,

माहितीबद्दल आभार, परंतु दलिया हे आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाचे खाणे आहे. मंडळाच्या नावाने जाणाऱ्या पत्रात आपण मुलांसाठी पथ्याचे मागतो आहोत असे दिसू नये, एवढेच म्हणणे.

– भोजन समिती

*

काकांच्या पथ्यावरून आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावी अमेरिकेहून आलेला लाल मिलो (ज्वारीचा एक प्रकार) रेशनवर मिळत असे आणि शाळेत सुकडी वाटली जाई. मिलोच्या भाकरीला घरात नाके मुरडली जात, सुकडीसाठी मात्र आम्ही घंटा होण्याआधी रांगेत उभे असू, कारण ती ठरलेल्या वेळी आणि समोर बसवून मिळे. तमिळनाडूने २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, तिच्यात उपमा, खिचडी, पोंगल असेच गरम पदार्थ असतात. आपण जिथे राहतो तिथला इतिहासही विसरू नये : जानेवारी १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या शेजारच्या ओकलंडमध्ये एका चर्चमध्ये मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. अमेरिकी सरकारची शाळेतील न्याहारीची योजना १९६६ पासून प्रयोग म्हणून चालू होती, ती कायमची झाली १९७५ मध्ये. हे सर्व पत्रात घालता आल्यास पाहावे.

– अंकाचे संपादक

*

संपादक महाशय, पत्र एका पानाचे आहे, दिवाळी अंक नव्हे.

पोहे की दलिया हा वाद मला दुय्यम वाटतो. हा विषय सप्टेंबरात मराठी शाळेच्या पालकसभेत निघाला होता, हे येथे नोंदवणे भाग आहे, आणि तेव्हाची तक्रार पदार्थांची नव्हती, वेळेची होती. बस आठ वीसला येते, साडेआठला घंटा होते आणि रांगेत शंभर मुले असतात. त्यात दप्तर ठेवून, हात धुऊन, फळ उचलून ते खाणे सातवीतल्या मुलाला शक्य नाही आणि लहानग्यांना तर नाहीच. पहिल्या तासानंतरच्या सुट्टीत न्याहारीची गाडी व्हरांड्यात उभी केली तर हीच मुले खातील. काही शाळा तसे करतात आणि नियमांत त्याला आडकाठी नाही. वेळेचा परिच्छेद पहिला असावा. न उघडलेली दुधाची डबी किंवा सफरचंद परत ठेवायला एक टेबलही मागावे, म्हणजे काकांच्या नातीचे अर्धे मफिन नाही तरी बाकीचे वाचेल.

– मराठी शाळेच्या बाई

*

बाई, वेळ महत्त्वाची आहेच, पण जिलेटिन दुसऱ्या क्रमांकाच्या खाली जाऊ नये. माझा मुलगा दोन वर्षे साखरेचा थर दिलेले गव्हाचे सीरियल आनंदाने खात होता आणि त्यात गाईचे जिलेटिन असते हे मला खोक्यावरची बारीक अक्षरे वाचल्यावर समजले. शाकाहारी पदार्थ देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वेगळा पदार्थ न मागता मेनूवर शाकाहारी पदार्थापुढे खूण म्हणून एक हिरवे पान छापण्याची विनंती करावी. त्याला खर्च येत नाही.

– एक पालक

*

सर्वांस,

सुधारित मसुदा असा. पहिला परिच्छेद वेळेचा आणि परतीच्या टेबलाचा, दुसरा मेनूवरील हिरव्या पानाचा. तिसऱ्यात ‘आठवड्यातून एकदा अख्ख्या धान्याचा, भाजी घातलेला गरम उपमा, उदाहरणार्थ दलियाचा’ असे शब्द आहेत. पोह्यांचे नाव काढले आहे. ताईंनी शंभर मुलांच्या मापाची कृती उद्यापर्यंत पाठवावी, ती पत्राला जोडू. ओकलंडचे एक वाक्य ठेवले आहे, मिलोचे नाही. बैठकीला बाई आणि ताई जातील.

– सचिव

*

हरकत नाही. मात्र कृतीत फोडणीला कढीपत्ता लिहिलेला असावा, आणि समितीला चव दाखवायची वेळ आली तर मोठे पातेले माझ्या गॅरेजमध्ये आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे.

– भोजन समिती