'शर्करावेष्टित' की 'शर्कराबद्ध'?

प्रश्न : नागपुरातील आमच्या शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी 'ग्लायकोप्रोटीन' (साखरेच्या साखळ्या जोडलेले प्रथिन) या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा आहे. एका सहकारी शिक्षकांनी 'शर्करावेष्टित प्रथिन' सुचवला. तो वाचताच मला संक्रांतीच्या आधी महाल भागातल्या दुकानांत दिसणारा काटेरी हलवा आठवला. हा शब्द चालेल का?

प्रतिसाद : हलव्याची आठवण छान आहे, पण ती 'वेष्टित'च्या विरोधातच जाते. तिळावर पाक चहूबाजूंनी चढतो; प्रथिनावर मात्र साखरेच्या साखळ्या विकरांकडून (एन्झाइमकडून) ठरावीक जागीच, बहुधा ॲस्परॅजीन, सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर, जोडल्या जातात आणि फांद्यांसारख्या बाहेर येतात. शिवाय 'वेष्टन' म्हटले की झाकण्याचा भाव येतो, आणि येथे घडते ते निराळेच. 'नॉच' या ग्राही, म्हणजे पेशीवर संदेश टिपणाऱ्या, प्रथिनावर फ्यूकोज ही शर्करा असते. 'फ्रिंज' नावाचे विकर तिला आणखी एक शर्करा जोडते, आणि एवढ्यानेच तो ग्राही शेजारच्या पेशीवरील 'डेल्टा' या संदेश देणाऱ्या प्रथिनाला अधिक व 'सेरेट' या तशाच दुसऱ्या प्रथिनाला कमी दाद देऊ लागतो, हे २००० साली फळमाशीवरील संशोधनातून स्पष्ट झाले. काही वाढघटकांच्या (पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या रेणूंच्या) ग्राहींच्या बाबतीत गॅलेक्टिन नावाची प्रथिने या शर्कराशाखांना धरून ठेवतात, त्यामुळे ग्राही पेशीच्या आत ओढले जायला वेळ लागतो आणि संदेश अधिक काळ चालू राहतो. संदेश कोणाचा ऐकायचा आणि किती वेळ, हे ठरवणाऱ्या गोष्टीला नुसते वेष्टन म्हणणे मला पटत नाही. मी 'शर्कराबद्ध प्रथिन' सुचवीन.

दुसरा प्रतिसाद : 'बद्ध'बद्दल एक शंका आहे. मधुमेहाच्या तपासणीतील एचबीएवनसी म्हणजे तरी शर्करा बद्ध झालेले हिमोग्लोबिनच. रक्तचाचणीच्या अहवालांत कधी कधी त्याला 'ग्लायकोसिलेटेड', म्हणजे विकराने शर्करा जोडलेले, असेही छापलेले आढळते. वास्तविक तेथे विकराचा काही संबंध नसतो. रक्तात ग्लुकोज जितके जास्त, तितके ते हिमोग्लोबिनला आपोआप चिकटत जाते, आणि म्हणूनच त्यावरून मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज येतो. या क्रियेला इंग्रजीत 'ग्लायकेशन' असा वेगळा शब्द आहे. मराठीतही हा भेद राखायचा असेल, तर विकराने होते ती 'शर्करायोजना' आणि आपोआप होते ते 'शर्कराचिकटण' म्हणावे. दुसरा शब्द थोडा ओबडधोबड आहे, पण अर्थाला प्रामाणिक आहे.

प्रश्नकर्ती : आपणा दोघांचे आभार. प्रथिनासाठी 'शर्कराबद्ध' घेते, आणि हिमोग्लोबिनची गोष्ट खाली वेगळ्या चौकटीत देते. 'वेष्टन' मात्र पूर्ण टाकवत नाही, कारण पेशीभोवती या शर्करांचा मिळून जो एकंदर थर होतो त्याचे 'ग्लायकोकॅलिक्स' हे नावच ग्रीकमधील 'गोड' आणि 'टरफल' या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. तेथे 'शर्करावेष्टन' ठेवले आहे.