शब्दचर्चा: ‘प्रमाणग्रंथ’ की ‘अधिकृत ग्रंथ’? (बायबल आणि सापडलेली शुभवर्तमानं)

प्रश्न: लेखात ‘थोमाचे शुभवर्तमान प्रमाणग्रंथांत नाही’ असं लिहिलंय (शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र किंवा वचनं सांगणारं पुस्तक). संपादक म्हणतात, ‘अधिकृत’ करा. कोणता शब्द बरा? आणि असं जुनं शुभवर्तमान आज सापडलं, तर ते बायबलमध्ये घेता येतं का?

प्रतिसाद: ‘प्रमाण’च ठेवा. चर्चने धर्मग्रंथ म्हणून मानलेल्या पुस्तकांच्या यादीला ‘कॅनॉन’ म्हणतात. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ काठी, मापाची पट्टी. तोच शब्द अरबीत ‘कानून’ झाला आणि आपल्याकडे ‘कानूजाबता’त येऊन बसला. संस्कृत ‘प्रमाण’ही मापच, शिवाय आधार. ‘अधिकृत’ म्हटलं की कचेरीतला शिक्का डोळ्यांपुढे येतो. सुरुवातीच्या शतकांत तसा शिक्का मारणारं कुणी नव्हतं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ.स. ३६७च्या ईस्टर-पत्रात नव्या कराराची (बायबलच्या येशूनंतरच्या भागाची) आजचीच २७ पुस्तकं मोजून दिली. त्यांतली बहुतेक तोवर प्रार्थनासभांत वाचून वाचून रुळली होती.

आता दुसरा प्रश्न. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचा बिशप सेरापियन रोसस गावी गेला. तिथले लोक पेत्राचे शुभवर्तमान वाचत होते. त्याने न वाचताच ‘वाचा’ म्हटलं. पुढे पुस्तक हाती आल्यावर त्यात ख्रिस्ताच्या मानवी देहाबद्दल शंका घेणाऱ्यांचा वास आला आणि परवानगी मागे गेली. त्या शुभवर्तमानाचा एक तुकडा १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला, एका कबरीत सापडला. त्यात कबरीतून तिघे बाहेर येतात. दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, तिसऱ्याचं त्याहून वर, आणि मागून क्रूस चालत येतो. आकाशवाणी विचारते, ‘निद्रिस्तांना (म्हणजे मृतांना) उपदेश केलास?’ उत्तर देतो तो क्रूस: ‘होय.’ वाचायला बहारदार आहे! पण सापडून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, कोणत्याही मोठ्या चर्चने ते प्रमाण मानलेलं नाही.

प्रश्नकर्ता: पण जुनं असेल तर?

प्रतिसाद: नुसत्या जुनेपणाने भागत नाही. हनोख या बायबलमधल्या पूर्वजाच्या नावावरचं पुस्तक बघा. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्याचा चक्क उतारा आहे. युरोपात ते हरवलं, इथिओपियाच्या चर्चने मात्र गीझ भाषेत जपलं आणि तिथे ते आजही बायबलचा भाग आहे. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७७३ साली त्याच्या प्रती युरोपात आणल्या. पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत अरामी तुकडे निघाले, म्हणजे ते ख्रिस्तपूर्व काळातलं हेही सिद्ध झालं. तरी युरोपातल्या एकाही मोठ्या चर्चने यादीत भर घातली नाही. इथिओपियात ते प्रमाण आहे, कारण तिथे त्याचं वाचन कधी थांबलंच नाही. इजिप्तमधल्या नाग हम्मादीला १९४५मध्ये रांजणात सापडलेल्या थोमाच्या ११४ वचनांमागे तसा वाचणारा समाज उरला नव्हता.

शिवाय घ्यायचं म्हटलं तरी घेणार कोण? कॅथलिकांनी ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेत पुस्तकं नावानिशी ठरवून टाकली. प्रोटेस्टंटांना सगळ्यांच्या वतीने ठराव करणारी एक सभाच नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला नव्या करारातलं याकोबाचं पत्र रुचत नव्हतं. १५२२च्या जर्मन नव्या करारात त्याने ते आणखी तीन पुस्तकांसोबत शेवटी ढकललं, अनुक्रमणिकेत त्यांना आकडेही दिले नाहीत. पण काढलं नाही. त्याच्यासारख्याला वजाबाकी जमली नाही, तिथे बेरीज कोण करणार?

वसईहून एक भर: ‘अपोक्रिफा’ (प्रमाण यादीबाहेरची पुस्तकं) हा शब्द जपून वापरा. आमच्या कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या ६६. तोबीत, मक्काबी वगैरे जी सात जास्त आहेत त्यांना ते अपोक्रिफा म्हणतात, आणि थोमा, पेत्र यांनाही लोक तेच नाव देतात. आमच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मक्काबीचं वाचन होतं, थोमाचं कधीच नाही. दोन्ही एका पिशवीत घालू नका.

प्रतिसाद: सहमत. ‘बनावट’ही सरसकट नको. २०१२ साली गाजलेला ‘येशूच्या पत्नी’चा पपायरसचा तुकडा बनावट म्हणता येईल. यहूदाचं (पत्र लिहिणारा नव्हे, येशूला पकडून देणारा यहूदा) शुभवर्तमान, जे २००६ साली छापून आलं, ते खरोखर प्राचीन आहे. त्या नावाच्या पुस्तकावर आयरेनियस या बिशपने इ.स. १८०च्या सुमारासच टीका केली होती. अस्सल हस्तलिखित आणि प्रमाण ग्रंथ या वेगळ्या गोष्टी.

तुमच्या वाक्यात ‘नाही’ आहे तेच राहू द्या, ‘वगळलेले’ करू नका. वगळायला आधी आत असावं लागतं.