कॅम्पसची परीक्षा तोंडावर, इंग्रजी व्याकरण आणि वाक्यसुधारणेसाठी पुस्तक/ॲप सुचवा (बजेट ५००)

तासगावचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यापासून कॉलेजात कंपन्या येतील. पहिली पायरी ऑनलाइन परीक्षा आणि त्यात व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजीचा, कट-ऑफ वेगळा. क्वांट, रीझनिंग निघतंय. उताराही जमतो. मार्क जातात ते 'स्पॉट द एरर' आणि 'सेन्टेन्स इम्प्रूव्हमेंट'मध्ये. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कुठलंही वाक्य वाचलं की बरोबरच वाटतं, मग 'नो एरर'वर टिक मारून पुढं जातो.
५०० च्या आत एखादं पुस्तक नाहीतर ॲप सांगा. क्लास नको, वेळ नाही आणि पैसेही नाहीत. लॅपटॉप रूममेटचा, तो रात्री दहानंतर हातात येतो. तोवर मोबाईल.

कुपवाडकर
क्लास लाव भावा. घरी बसून इंग्रजी होत नसतंय. मी १०० फुटी रोडला लावलेला, ७००० भरले. दिवाळीच्या सुट्टीला बंद झाला तो परत उघडलाच नाही, पैसेही बुडाले. पण शिकवायचा एक नंबर. तसला दुसरा बघ.

तासगावचा_मेकॅनिकल
दादा, क्लास नको म्हणून वरच लिहिलंय.

गुरुजी_साताऱ्याचे
बाळा, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घे. पहिल्या भागापासून. रोज दहा मराठी वाक्ये इंग्रजीत करायची, वहीत, पेनाने. आमच्या पिढीत खेड्यातली मुले यावरच इंग्रजी शिकली आणि मामलेदार झाली. हल्ली टिचकी मारून उत्तर निवडायचे, त्यामुळे वाक्य हातातून जातच नाही. हात चालला पाहिजे.

बाणेरकर_मूळचा_मिरज
गुरुजी, आदर आहे, पण त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तर्खडकरांचे तिन्ही भाग होईपर्यंत कंपनी येऊन जाईल.
रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घे. माझ्याकडं वडिलांची प्रत आहे, बाइंडिंग सुटलंय तरी अजून वापरतो. पोरगा इंग्रजी माध्यमात असून आमच्या घरात शंका आली की तेच उघडतात. माझ्या बॅचला पहिल्याच कंपनीत निवड झालेले मोजकेच, त्यात मी होतो.

भडंग_आणि_चहा
रेन मार्टिन बेस्ट. डोळे झाकून घे.

तासगावचा_मेकॅनिकल
लायब्ररीत आहे ते. उघडून बघितलं. नाऊनचे प्रकार वाचता वाचता झोप लागली.

बाणेरकर_मूळचा_मिरज
पहिल्या पानापासून कोण वाचतंय? कर्ता-क्रियापद मेळ, काळ, आर्टिकल, प्रिपोझिशन, कंजंक्शन एवढीच प्रकरणं काढ. आधी सराव सोडव, चुकलं तरच नियम वाच. लायब्ररीत आहे म्हणजे फुकट झालं की, ५०० वाचले.

विश्रामबागची_सून
माझे यजमान बँकेच्या परीक्षेला बसले होते तेव्हाची सगळी पुस्तकं घरात होती, तुला सहज दिली असती. २०१९ च्या पुरात खालचा मजला गेला, त्यात पुस्तकांचं कपाट. पाणी उतरल्यावर पानं एकमेकांना अशी चिकटली होती की वीट उचलल्यासारखं पुस्तक उचलावं लागत होतं. तेव्हापासून मी कागदी पुस्तक घ्याच म्हणून कुणाला सांगत नाही. इंडियाबिक्स या वेबसाइटवर जा, फुकट आहे, मोबाईलवर उघडतं. 'स्पॉटिंग एरर्स', 'सेन्टेन्स करेक्शन', 'सेन्टेन्स इम्प्रूव्हमेंट' असे वेगवेगळे विभाग आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली लोक भांडलेले असतात, तेही वाच.

टॅबवाले_काका
मोबाईलवर डोळे जातील. मी मुलाला २२ हजारांचा टॅब घेतला, वर पेन वेगळा. आता कसा झोपूनसुद्धा अभ्यास करतो.

कुपवाडकर
काका, पोराचं बजेट ५०० आहे.

टॅबवाले_काका
हप्ते असतात की.

शनिवारी_सुट्टी
पुण्यात आयटीत आहे. कराडच्या सरकारी इंजिनिअरिंगचा. दोन-तीन वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखतींना बसतोय, आमच्या भागातल्या पोरांचे पेपर बघितलेत. पुस्तकाचं नंतर बोलू, आधी 'सगळं बरोबर वाटतं' याचं बघ.
चुकीचं वाक्य तुला बरोबर वाटतं, कारण ते मराठीत बरोबर असतं. 'ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.' तो दहा वर्षांपासून इथं राहतोय. मराठीत खटकायचं कारणच नाही. इंग्रजीत 'हॅज बीन लिव्हिंग' पाहिजे आणि 'फॉर टेन इयर्स'. 'सिन्स' फक्त सुरुवातीच्या बिंदूला, म्हणजे 'सिन्स २०१५'.
'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वेंट टू वर्क.' जरी दमला होता तरी गेला. आपल्याला जरी-तरीची जोडी लागते, इंग्रजीला दोनातलं एकच. 'बट' काढ.
तिसरं, यात तर सगळेच अडकतात : 'वॉकिंग थ्रू द मार्केट, द रेन स्टार्टेड.' बाजारातून जाताना पाऊस सुरू झाला. मराठीत झकास वाक्य. इंग्रजीत मात्र अर्थ होतो की पाऊसच बाजारातून चालत होता. वाक्य 'आयएनजी'वाल्या तुकड्यानं सुरू झालं की स्वल्पविरामानंतर पहिला कोण आलाय ते बघायचं. ती क्रिया करणारा तोच नसेल तर चूक तिथंच.
आणि 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड'. 'ऑफ'पासूनचा तुकडा बोटानं झाकून वाच. क्वालिटी वेअर? नाही, वॉज. पेपर काढणारे कर्ता आणि क्रियापद मुद्दाम लांब ठेवतात. 'ॲलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' आलं तरी हेच. 'द प्रिन्सिपल, ॲलाँग विथ द टीचर्स, हॅज' असं येतं, 'हॅव' नाही.
आता काम. एक वही कर. चुकलेलं वाक्य लिही, शेजारी मराठी लिही आणि मराठीनं कुठं फसवलं तिथं खूण कर. नियमाचं इंग्रजी नाव नाही आलं तरी चालतंय. आठवडाभरात दिसेल की त्याच चार-पाच खड्ड्यांत परत परत पडतोयस.

भडंग_आणि_चहा
वर बरोबर सांगितलंय. सगळ्यात मोठी चूक सिन्स-फॉरची. आणि 'डिस्कस अबाउट'. डिस्कसला अबाउट लागत नाही.

सोपी_युक्ती
एवढं कशाला? सेन्टेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये सगळ्यात छोटा पर्याय टिक करायचा. 'बीइंग' असलेला कधीच नाही. माझं यावर निघालं.

शनिवारी_सुट्टी
'नो इम्प्रूव्हमेंट' पण पर्याय असतो, छोट्या-मोठ्याचं काय घेऊन बसलास? दोन पर्याय राहिले आणि वेळ संपत आली तर ठीक आहे.

एडिसनची_काकू
मी मूळची माधवनगरची, आता न्यू जर्सीत. मुलीनं इथल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाआधी प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी, परीक्षा दिली, अक्युप्लेसर नावाची, कॉलेज बोर्डाची. तिला वेळेचं बंधन नसतं. रायटिंगचे २५ प्रश्न, गुण २०० ते ३०० मध्ये. नापास वगैरे नाही, गुण कमी आले तर आधी पायाभूत इंग्रजीचा वर्ग करावा लागतो. सरावाचे प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत. तेच कर.

कुपवाडकर
काकू, ही नोकरीची परीक्षा आहे, ॲडमिशनची नाही.

एडिसनची_काकू
अरे हो, कळलं मला. पण व्याकरण दोन्हीकडं तेच ना? तिथं सुटं वाक्य देत नाहीत, अख्खा परिच्छेद देतात आणि मधलं एखादं वाक्य कसं बदलाल विचारतात. मागचं-पुढचं वाचावंच लागतं. मुलीचा सराव त्यानंच झाला. वेळ लावून नंतर करा, आधी न लावता.

शनिवारी_सुट्टी
काकूंचं शेवटचं वाक्य लिहून ठेव. पहिले काही दिवस घड्याळ नको. शेवटच्या आठवड्यात लाव, प्रश्नाला मिनिटापेक्षा जास्त नाही. ॲमकॅट (बऱ्याच कंपन्या भरतीसाठी घेतात ती ऑनलाइन परीक्षा) असेल तर आणखी एक गोष्ट. ती उत्तरं बघून अवघड-सोपं ठरवते आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. 'नंतर बघू' म्हणून सोडायची सवय असेल तर मोड.

गुरुजी_साताऱ्याचे
बाळा, मागे कुणी प्रिपोझिशन म्हणाले, त्यात 'प्रिफर' आणि 'सुपीरिअर' यांच्यापुढे 'टू' येते, 'दॅन' नाही. 'नो सूनर'पुढे मात्र 'दॅन', 'हार्डली'पुढे 'व्हेन'. आणि 'नन ऑफ द बॉईज वॉज प्रेझेंट'. 'नन' नेहमी एकवचनी.

बाणेरकर_मूळचा_मिरज
गुरुजी, 'नन'ला दोन्ही चालतं. 'नन ऑफ द बॉईज वेअर' चूक नाही.

गुरुजी_साताऱ्याचे
चालवून घेणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे.

बाणेरकर_मूळचा_मिरज
इंग्रज लोक शेकडो वर्षं दोन्ही लिहितायत. आपण कोण चालवून घेणारे?

शनिवारी_सुट्टी
दोन्ही चालतं हे खरं. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाईडांत एकवचनच धरतात. पर्यायांत दुसरी उघड चूक असेल तर तीच पकडायची, 'नन'च्या नादी लागायचं नाही.

टॅबवाले_काका
टॅबवर डिक्शनरी पण येते.

एसटीस्टँड_शेजारी
स्टँडजवळच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षांची मराठीतून स्पष्टीकरण दिलेली इंग्रजीची गाईडं मिळतात. दीडशे-दोनशेला. घेऊ नकोस. भावानं घेतलेल्याच्या उत्तरसूचीत ढीगभर चुका निघाल्या. छपाई अशी की 'डझ' कुठं आणि 'डिड' कुठं कळत नाही.

विश्रामबागची_सून
सहमत. ती घेऊच नकोस.

बाणेरकर_मूळचा_मिरज
अजिबात नको. चुकीची उत्तरं डोक्यात बसली की निघत नाहीत. पाचशेत बसवायचं म्हणून कचरा घेऊ नये.

शनिवारी_सुट्टी
मीही नकोच म्हणेन. उत्तरसूची भरवशाची पाहिजे.

तासगावचा_मेकॅनिकल
सगळ्यांचे आभार. शनिवारीदादांची मराठीवाली वही सुरू केलीय. काल रात्रीच्या वाक्यांत 'जरी-तरी'नं सगळ्यात जास्त फसवलं. इंडियाबिक्स मोबाईलवर चालतंय.
आणि रागावू नका, स्टँडवरचं ते गाईड घेतलं. १६० रुपये.

बाणेरकर_मूळचा_मिरज
मग विचारलं कशाला आम्हाला?

तासगावचा_मेकॅनिकल
दादा, तुम्ही सांगितलेलं पुस्तक चांगलंच आहे, पण नियम इंग्रजीतून वाचून तो कळेपर्यंत माझे दोन प्रश्न जातात. ह्यात मराठीतून लिहिलंय, एका ओळीत कळतं. उत्तरसूची खरंच बेकार आहे. म्हणून ते मागचं पान मी आणि रूममेटनं स्टेपल करून बंदच केलंय. दोघं वेगवेगळं सोडवतो. उत्तर जुळलं नाही की आपापली बाजू नियम दाखवून पटवायची, नाही पटली तर सकाळी लायब्ररीत रेन मार्टिन उघडून बघायचं. काल 'आयदर-ऑर'वरून बारापर्यंत भांडलो. 'आयदर द टीचर ऑर द स्टुडंट्स आर', जवळच्या कर्त्याप्रमाणं क्रियापद. आता हे मरेपर्यंत विसरणार नाही.

शनिवारी_सुट्टी
हे चालेल. रूममेट कुठल्या ब्रँचचा?

तासगावचा_मेकॅनिकल
सिव्हिल. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, पण त्याला आर्टिकल येत नाहीत. 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितो.

गुरुजी_साताऱ्याचे
त्याला सांग, अक्षर बघू नये, उच्चार बघावा. युनिव्हर्सिटीचा उच्चार 'यु'ने सुरू होतो म्हणून 'अ'. 'अवर'मधला 'एच' ऐकू येत नाही म्हणून 'ॲन'. त्या गाईडमध्ये 'नन'विषयी काय दिले आहे?

तासगावचा_मेकॅनिकल
गुरुजी, आतल्या सोडवून दिलेल्या उदाहरणात उत्तर 'वेअर' छापलंय आणि खाली स्पष्टीकरणात लिहिलंय 'नन एकवचनी असल्याने'.

बाणेरकर_मूळचा_मिरज
बघा. कचरा.

कुपवाडकर
वापरून झालं की मला दे. १०० देतो. मागचं पान काढून दे.