रिअल अ‍ॅनालिसिसचे पुस्तक निवडायचे आहे: एका चुकीच्या सिद्धतेवरून पुस्तक नाकारावे का?

नमस्कार. माझी भाची सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेऊन शिकत आहे आणि एम.एस्सी.साठी तिने जॅम या प्रवेश परीक्षेची तयारीही सुरू केली आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. पदवी घेऊन बरीच वर्षे झाली असल्यामुळे तिच्यासाठी रिअल अ‍ॅनालिसिसचे (वास्तव संख्या, सीमा आणि संतत फले यांच्या सिद्धतांसह अभ्यासाचे) पुस्तक निवडताना माझ्या एकट्याच्या मतावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

तिच्या वर्गात बहुतेकांकडे असलेले पुस्तक २५० रुपयांचे आहे. त्याची मांडणी अभ्यासक्रमातील घटकांप्रमाणे आहे, भाषा सोपी आहे आणि सोडवलेली उदाहरणे भरपूर आहेत. मात्र चाळताना त्यात एक प्रमेय आढळले: एखाद्या अंतरालावर संतत फलांचा सिक्वेन्स प्रत्येक बिंदूपाशी अभिसारी असेल, म्हणजे एका ठरावीक सीमेकडे जात असेल, तर सीमाफलही संतत असते. ‘युनिफॉर्म’, म्हणजे एका ठरावीक क्रमांकापुढची फले सर्व बिंदूंवर एकदमच सीमाफलाच्या हवी तितकी जवळ असावीत, ही अट विधानात नाही. छपाईत शब्द गळला असेल असे समजून मी सिद्धता वाचली, तर तेथे एप्सिलॉनचे (चालू शकणाऱ्या लहानशा फरकाचे) तीन भाग करताना एन हा क्रमांक एकाच बिंदूसाठी निवडलेला आहे आणि पुढच्याच ओळीत तो शेजारच्या सगळ्या बिंदूंना लागू केलेला आहे. शून्य ते एक या बंद अंतरालावर क्ष, क्षवर्ग, क्षघन अशी फले घेतली, तरी हे विधान कोसळते: सीमाफल एकच्या अलीकडे सर्वत्र शून्य असते आणि एकपाशी मात्र एक होते. कॉशी या गणितज्ञाच्या १८२१ च्या ग्रंथातही असेच विधान होते आणि १८२६ मध्ये आबेल या गणितज्ञाने साइन फलांच्या श्रेढीचे उदाहरण देऊन त्याला अपवाद दाखवला, त्यामुळे येथे पाय घसरणे सोपे आहे हे मी जाणतो. पण विद्यार्थ्याला नेमका हाच धोका दाखवण्यासाठी हे प्रकरण शिकवले जाते, असे मला मनापासून वाटते.

दुसरा पर्याय म्हणजे वॉल्टर रुडिन यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस’, तिसरी आवृत्ती, १९७६. त्याच्या सातव्या प्रकरणात प्रमेयाच्या आधीच सीमा घेतल्यावर गुणधर्म कसे बिघडतात याची उदाहरणे दिली आहेत आणि त्यानंतरच युनिफॉर्म अभिसरणाची व्याख्या येते. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. परंतु भाचीने ग्रंथालयातील प्रत दोन आठवडे वाचली आणि म्हणाली, “मामा, सिद्धता वाचली की पटते, पण ती सुचली कशी हे कुठेच कळत नाही.” स्वाध्यायांची उत्तरे शेवटी दिलेली नाहीत आणि शंका विचारायला तिच्याजवळ फारसे कोणी नाही. तिचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे इतकी आटोपशीर इंग्रजी वाचताना तिला दुप्पट वेळ लागतो.

पहिल्या पुस्तकात मी आणखी दोन जागा तपासल्या. संतत फल युनिफॉर्मली संतत (म्हणजे सर्व बिंदूंना एकच डेल्टा चालणारे) असण्यासाठी अंतराल बंद आणि मर्यादित हवे, ही अट तेथे बरोबर आहे, आणि शून्य व एक यांच्यामधील खुल्या अंतरालावर एक भागिले क्ष हे उदाहरणही दिले आहे. याउलट, वास्तव संख्यांची पूर्णता (त्यांच्यात कोठेही फट नसते हा गुणधर्म) एका ओळीत सांगून सोडून दिली आहे आणि पुढच्या सिद्धतांमध्ये तिचा वापर नेमका कोठे होतो हे दाखवलेले नाही.

हा विषय शिकवणाऱ्या किंवा अलीकडे शिकलेल्या सभासदांना माझी विनंती आहे की, अशी एक चूक सापडल्यावर बाकीच्या सिद्धतांवर किती विश्वास ठेवावा आणि खात्री करून घेण्यासाठी आणखी कोणती प्रमेये उघडून पाहावीत, हे कृपया सांगावे. तसेच सोप्या पुस्तकातील उदाहरणे सोडवून सिद्धता मात्र रुडिनमधून वाचणे, असा मेळ कोणी एकट्याने अभ्यास करताना घातला असल्यास तो कितपत जमला, हेही कळवावे. परीक्षेला अजून सहा महिने आहेत.