मुख्यमंत्रिपदाला बाई : तुमच्या पाहण्यातलं सांगा

येरळाकाठची :
लेकीच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आहे. तिला मुख्यमंत्रिपदाला उभं राहायचंय. वर्गातला एक पोरगा म्हणाला, "मुली आरोग्यमंत्री होतात." घरी येऊन तिनं मला विचारलं, खरी मुख्यमंत्री झालेली बाई कोण? मी बोटं मोजायला लागले. यशवंतराव देवराष्ट्रेचे, वसंतदादा पद्माळ्याचे, बाबासाहेब भोसले साताऱ्याचे, पृथ्वीराजबाबा कराडचे, एकनाथ शिंदे दरे गावचे. आपल्या सांगली-सातारा दोन जिल्ह्यांतच हाताची पाच बोटं संपली, बाई एकही नाही. आणि नुसतं इथंच नाही, १९६० पासून अख्ख्या महाराष्ट्रात नाही. तर मोठ्या खुर्चीसाठी उभी राहिलेली बाई तुम्ही कुठं, कशी पाहिलीत? सरपंचपदही चालेल, गावात तेच मोठं.

गलाईवाला :
आमचं गाव विट्याजवळ. मिसरूड फुटलं की पोरानं सोनं-चांदी गाळायला परमुलखात जायचं, ही रीत. मी १९९० ला मदुराईत काकांच्या दुकानात लागलो आणि पुढच्याच वर्षी जयललिता मुख्यमंत्री झाल्या. भाषा येत नव्हती, पण पेपरातला फोटो वाचायला भाषा कशाला लागते? धोतरातले मंत्री बाईपुढं लोटांगण घालत होते. ते काही मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण गावी येऊन सांगितलं तर पारावरची मंडळी हसली, "शिनेमातली बाई हाय ती." म्हटलं, तिथले आधीचे मुख्यमंत्री एम. जी. आर. पण शिनेमातलेच होते की, त्यांना कोण हसलं?
धाकटा भाऊ कोलकात्यात असतो. २०११ ला ममता बॅनर्जींनी डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता घालवली तेव्हा त्याच्या गल्लीत हिरवा गुलाल उधळला. घरातल्या दोघा भावांनी दोन बायांचं राज्य बघितलं. आमच्या आईनं मात्र गावची ग्रामसभा उभ्या जन्मात बघितली नाही.

कोयनेचा_वारा :
ताई, बोटं मोजताना दोन नावं सुटली. वसंतदादांच्या पत्नी शालिनीताई पाटील मुख्यमंत्री अंतुल्यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होत्या. महसूल म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. दादा मुख्यमंत्री झाल्यावर १९८३ च्या पोटनिवडणुकीत त्या सांगलीच्या खासदार झाल्या, आणि पुढं कितीतरी वर्षांनी कोरेगावातून आमदार. दुसऱ्या प्रेमलाकाकी चव्हाण, पृथ्वीराजबाबांच्या आई : कराडच्या खासदार, शिवाय प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष. माझे चुलते काकींच्या सभेला सायकलवरून जायचे. २०१० ला पृथ्वीराजबाबांची शपथ टीव्हीवर बघताना ते एवढंच म्हणाले, "काकी असत्या तर." मी विचारलं, "असत्या तर त्याच झाल्या असत्या का?" चुलत्यांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

माणदेशी :
आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडीवर दिवस काढलेले. आमदाराचं नाव तिला ठाऊक नसायचं, 'इंदिराबाई' ठाऊक. ७७ ला बाई पडल्या त्या दिवशी आजी जेवली नाही, असं वडील सांगतात. त्याच आजीनं आत्याला चौथीतून काढून शेरडामागं धाडली, हेही तेच सांगतात.

माजी_सरपंच :
पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.
२०१७ ला थेट सरपंच आला आणि आमच्याकडं सोडतीत महिला निघाली. ह्यांना उभं राहायचं होतं, म्हणून मी राहिले. दाखले, तिसरं अपत्य नसल्याचं लिहून देणं, सगळं ह्यांनी जुळवलं. मी सह्या केल्या. फ्लेक्सवर ह्यांचा फोटो ताटाएवढा, माझा वाटीएवढा. निवडून आले. वर्षभर ग्रामसेवक कागद आधी ह्यांच्यापुढं सरकवायचे आणि मला चहाचं विचारायचे.
मग तालुक्याच्या प्रशिक्षणात कळलं की ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडं ती रजिस्टरातच भरायची. मी देवळात खरोखरची भरवली. सात जणी आल्या. त्यातली एक म्हणाली, "नळ रात्री तीनला का सोडता?" पाणी सोडणाऱ्याला सकाळी रानात जायचं असतं म्हणून गावातल्या बाया तीनला उठत होत्या, मीसुद्धा! सहाची वेळ करायला चार महिने लागले. पुढच्या सभेला देवळात बसायला जागा नव्हती.
२०२२ ला जागा खुली झाली. मी म्हटलं, परत उभी राहते. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला? आता बाईची जागा न्हाय ती." हे काहीच बोलले नाहीत, पण पॅनेल पुतण्याला दिलं. मी एकटीनं अर्ज भरला, कपबशी मिळाली. दारोदार एकच प्रश्न, "वहिनी, दादांचं काय म्हणणं?" पाच वर्षं गावाच्या कागदावर सही माझी होती. ४१ मतांनी पडले. तहसील कचेरीतून पोराच्या गाडीवर मागं बसून घरी आले. पाणी अजून सहालाच येतं.

फलटणकर :
वहिनी, खुल्या जागेवर ४१ नं पडणं म्हणजे पडणं नव्हे. बाकी धाग्याबद्दल : प्रतिभाताई २००७ ला राष्ट्रपती झाल्या तेव्हा शिवसेनेनं युती बाजूला ठेवून मतं दिली, ती मराठी म्हणून. आमच्या कट्ट्यावरही मराठी म्हणूनच पेढे वाटले. बाई म्हणून कुणी वाटले असतील तर मला भेटले नाहीत.

येरळाकाठची :
सगळं लेकीला वाचून दाखवलं. गलाईवाले दादा, तिच्या लक्षात लोटांगणच राहिलं, त्या पोराला घालायला लावणार म्हणते. माजी सरपंच वहिनींचं ऐकून मधल्या सुट्टीत फक्त मुलींची सभा घेतली. त्यातून जाहीरनाम्यात एकच ओळ आली : मुलींच्या संडासाला आतून कडी. मतदान शनिवारी, चिन्ह पतंग. अडचण एवढीच की सभेत ती कडी सुचवणारी, तिच्याच बाकावरची मैत्रीणही आता उभी राहिलीय. कालपासून दोघी डबा वेगळा खातात.