"पाडायचीच आहे, मग खर्च कशाला?" या वाक्याने आमची सोसायटी खचली. तुमचं मत काय?

बकुळ (कोथरूड)

आमची सोसायटी १९८६ सालची. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चार इमारती, लिफ्ट नाही, मधोमध बाग. एके काळी पाहुणे फाटकातच थांबून "किती छान ठेवलंय!" म्हणायचे. जिने रोज झाडले जायचे. पावसाळ्याआधी दोन सभासद स्वतः गच्चीवर जाऊन कोब्याच्या भेगा बघायचे, पावसाच्या पाइपांच्या तोंडाशी साठलेला पाला काढून घ्यायचे. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच ऑइलपेंटने लिहिलेली असायची. सभागृहात वर्गणीचं वाचनालय होतं आणि दिवाळी अंकांसाठी नंबर लागायचे.

आज बी इमारतीच्या ड्रेनेजच्या पाइपाशेजारी भिंतीतून पिंपळ उगवलाय, त्याचं खोड मनगटाएवढं झालंय. जिन्याच्या छताचा गिलावा पडून सळ्या उघड्या पडल्यात. अर्ध्या बागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग केलं, उरलेल्या अर्ध्यात जुने कमोड आणि दारांच्या चौकटी पडून आहेत. पंप बिघडला की टँकर येतो, आणि पैसे कुणी भरायचे यावर ग्रुपवर भांडण पेटतं.

लोक म्हणतात, इमारतीचं वय झालं. मला हे मान्य नाही. आमच्याच गल्लीत आमच्याहून जुनी इमारत आहे आणि ती धड आहे. आमची घसरण सुरू झाली ती पहिला बिल्डर सभेला येऊन गेला तेव्हापासून. जादा चौरस फूट, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे, दोन वर्षांचं भाडं, सगळं त्याने तोंडी सांगितलं. त्यानंतर वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं तेव्हा "आता पाडायचीच आहे, मग खर्च कशाला?" म्हणून ते बाजूला ठेवलं. रंगकाम, गंजलेले पाइप, कंपाउंडची भिंत, सगळ्याला तेच उत्तर. तो बिल्डर नंतर फिरकलाच नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (यूडीसीपीआर) आली तेव्हा दुसऱ्याने नव्याने आशा लावली, मग रस्ता मोजला. नऊ मीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय या विकत घ्यायच्या जादा बांधकाम हक्कांचा हिशेबच बसत नाही. तोही गेला. दुरुस्ती मात्र या सगळ्या काळात थांबलेलीच राहिली.

पैशाचंही सांगते. सोसायटीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधींप्रमाणे, सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, दोन्ही फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर. आमच्याकडे तो खर्च १९८६ चाच धरतात. सव्वा लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला साडेबाराशे रुपये, म्हणजे महिन्याला शंभरेक. एवढ्यात आजच्या भावाने गच्ची होते का? 'किमान' याचा अर्थ सर्वसाधारण सभा त्याहून जास्त ठरवू शकते. आमच्या सभेने ते कधीच केलं नाही, उलट "आपल्याकडे मेंटेनन्स सर्वांत कमी" हे आम्ही अभिमानाने सांगत आलो.

माझं म्हणणं असं: पुनर्विकासाचा करार नोंदला जात नाही तोपर्यंत इमारत पाडायची नाही असंच धरून दुरुस्ती चालू ठेवावी. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोधातलं मत असेल तर ते इथेच सांगा, मला ते सभेआधी ऐकायचंय.

तिसरा मजला

बकुळताई, दोष चुकीच्या जागी ठेवताय. मीही बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. दवाखान्याशिवाय ती खाली उतरत नाही; लग्न नाही, देऊळ नाही. आमच्या वयाचे लोक पुनर्विकासाची वाट बघतात ते जादा चौरस फुटांसाठी नाही, लिफ्टसाठी. त्याला तुम्ही हाव ठरवू नका.

आणि वर्गणी वाढवा म्हणणं सोपं आहे. मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. खासगी नोकरदारांच्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. मला त्याहून जास्त मिळते, पण इतकी नाही की तुम्ही एका सभेत माणशी लाखभर काढायचं ठरवाल आणि मी चेक फाडीन. पुनर्विकासात माझ्या खिशातून काही जात नाही. दुरुस्तीत सगळं माझ्याच खिशातून जातं. हा फरक नोकरी करणाऱ्यांना कळत नाही.

माजी सेक्रेटरी

मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, वेगळ्या सोसायटीत, पण कथा हीच. बिल्डर येण्याच्या कितीतरी आधी ती सुरू होते. मुलं बाणेरला किंवा अमेरिकेला जातात, फ्लॅट भाड्याने जातो आणि मालकाचा इमारतीशी संबंध फक्त भाडं खात्यात जमा होण्यापुरता उरतो. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त मालक बाहेर राहणारे. सभेची सूचना पाठवा, उत्तर नाही. थकबाकीची नोटीस पाठवा, वकिलाचं उत्तर लगेच येतं.

वसुलीचा कायदा आहे, नाही असं नाही. सहकार कायद्याचं पूर्वीचं कलम १०१, २०१९ च्या दुरुस्तीनंतर १५४ब-२९. थकबाकीवर सरळव्याज लावता येतं. पण त्यासाठी कागद जमवणं, निबंधक कार्यालयात खेटे घालणं हे सगळं बिनपगारी माणसाने आपल्या सुट्ट्या घालवून करायचं, आणि मग जिन्यात तोच थकबाकीदार "तुम्ही पैसे खाल्ले" म्हणणार. मी राजीनामा दिला तेव्हा जागा घ्यायला कुणी पुढे आलं नाही. इमारत माणसांअभावी पडते ताई, बिल्डर तिथे नंतर येतो.

भाडेकरू

वरच्या प्रतिसादात भाडेकरू हा शब्द थेट आला नाही, पण रोख कळतो. ग्रुपवर तर उघडच लिहितात: भाडेकरू आले आणि सोसायटीची वाट लागली.

मी कर्वेनगरात भाड्याने राहते. आमच्या जिन्यातला दिवा गेला की मीच नवा लावते, कारण मला रात्री उशिरा यायचं असतं. मालक दुबईत. मेंटेनन्स भाड्यात धरून तो माझ्याकडून दरमहा घेतो, आणि सोसायटीकडे भरत नाही हे मला नोटीस बोर्डवर फ्लॅट नंबर लागला तेव्हा कळलं. सभेला मला बसता येत नाही. सामान चढवायचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले, पावतीशिवाय. ज्याला मत नाही आणि अकरा महिन्यांपलीकडची खात्री नाही, त्याच्यावर इमारतीच्या पडझडीचं खापर फोडणं अन्यायाचं आहे.

माजी सेक्रेटरी

भाडेकरूंना मी दोष दिला नाही, मालकांना दिला. पण तुमचं बरोबर आहे, तो दोष नेहमी वरून घरंगळत तुमच्यापर्यंत येतो. पावतीशिवाय पैसे घेणं चूकच. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटीने मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घ्यावं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या आत. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. भाडेकरूकडून परस्पर काही उकळायचं कारण नाही.

बांधकामवाला

मी स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, कामं करतो, म्हणून भावना बाजूला ठेवून सळईबद्दल लिहितो. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कधर्मी गुण असतो, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण वर्षांगणिक बाहेरून आत कमी होत जातो. तिथे पाणी पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. म्हणजे पोपडे दिसतात तोवर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. गच्चीची गळती आणि फुटके पाइप वेळेवर दुरुस्त करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तो टाळला की पाच-सात वर्षांनी तीच इमारत कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण) मागते आणि खर्च कितीतरी पट होतो.

बकुळताई, तो पिंपळ वरून छाटू नका. छाटला की मुळं आत जाड होतात. भिंत उकरून, मुळं मारून, तो भाग भरून घ्यावा लागतो.

आणि तुमचं ऑडिट झालंय का? आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्यांचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. नुसतं बघून दिलेलं पत्र नाही, तर काँक्रीट आणि सळईच्या चाचण्या: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि गरज असेल तिथे कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना). ते हातात नसताना "दुरुस्ती करा" आणि "पाडा" ही दोन्ही मतं अंदाजच आहेत.

ठाण्याची

मी बकुळच्या अगदी विरुद्ध बाजूची. आम्ही तिच्या मताप्रमाणे वागलो. नौपाड्यातली आमची इमारत, प्रत्येकाने मोठी रक्कम काढली, काहींनी सोनं गहाण ठेवून. गळती थांबली, रंग झाला, सगळ्यांना समाधान वाटलं. पाच वर्षांत शेजारच्या तीन इमारती पुनर्विकासात गेल्या आणि आमच्याकडेही ठराव झाला. आता आमच्या जागी खड्डा आहे. ज्या काकूंनी पाटल्या गहाण टाकल्या त्यांचे पैसे बिल्डर परत देणार आहे का? वाट बघणारे आळशी नसतात. हाताशी एकदाच खर्च करण्याइतके पैसे असतात, म्हणून ते वाट बघतात.

बकुळ

ठाण्याची, तुझा मुद्दा माझ्या बाजूचा नाही आणि म्हणूनच तो मला सभेत सगळ्यांत आधी विचारला जाईल. माझं उत्तर असं की ती पाच वर्षं तुम्ही त्याच इमारतीत राहिलात. त्या काळात डोक्यावर स्लॅब पडला नाही, याची किंमत शून्य धरायची का? आमच्या सी इमारतीत स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा गॅसच्या शेगडीवर पडला. सुदैवाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ते घर आता ताडपत्री बांधून स्वयंपाक करतं. आणि हे घडल्यावरही सभेत वाक्य तेच आलं.

पण रंगकामावर तुम्ही खर्च केलात ते मी करणार नाही. पुनर्विकासाची शक्यता असेल तर रंग, टाइल्स, फाटकाची कमान यांना हात लावू नये. पाणी, सळई, वायरिंग आणि पंप, एवढंच. हा फरक मूळ लिखाणात मी केला नव्हता, ठरावात करीन.

माजी सेक्रेटरी, मालक दूर गेले हे खरं. पण आमच्याकडे दुरुस्तीला नाही म्हणणारे बहुतेक जण तिथेच राहणारे होते, स्वतः गळक्या घरात. त्यांना थांबवलं ते बिल्डरच्या आकड्याने. तो आकडा कुठल्याच कागदावर नव्हता. आमच्याकडे तर जमिनीचं कन्व्हेयन्ससुद्धा, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करणंसुद्धा, झालेलं नाही! १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे मूळ बिल्डरने ते द्यायचं होतं, २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने दिलं नाही तरी ते करून घेण्याची, सोय आहे, तरी एकाही कमिटीने अर्ज केला नाही. जमीन नावावर नाही, रस्ता पुरत नाही, आणि आम्ही पुनर्विकासाच्या भरवशावर छत गळू देतोय. याचा मला मनापासून राग येतो.

तिसरा मजला

राग समजतो. लिफ्टचं काय, ते अजून कुणी सांगितलं नाही.

बांधकामवाला

काका, जिन्याच्या बाहेरच्या बाजूला मोकळी जागा असेल तर महापालिकेची परवानगी घेऊन स्टीलच्या सांगाड्याची लिफ्ट बसवता येते. पुण्यात जुन्या इमारतींना अशा लिफ्ट बसवल्या गेल्या आहेत. अर्धमजल्यावर थांबणारी असेल तर सात-आठ पायऱ्या तरी राहतात, हे आधीच सांगतो. आणि अडचण पैशाची कमी, तळमजल्याच्या लोकांची जास्त असते: "आम्ही कशाला भरू?" आदर्श उपविधींत लिफ्ट चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा आहे, पण नव्या लिफ्टच्या खर्चाची वाटणी सभेतच ठरवावी लागते.

तिसरा मजला

तिच्या गुडघ्यांना सात पायऱ्या म्हणजे सात पायऱ्याच. तरी चौकशी करीन.

बकुळताई, तुमच्या ठरावाला मी तुमच्या सोसायटीत असतो तर आजही विरोध केला असता, जोवर त्यात तीन गोष्टी नाहीत. पेन्शनरांना हप्ते. ऑडिटचा अहवाल सगळ्यांना मराठीत, सभेच्या आधी. आणि पुनर्विकासाला तुम्ही दार बंद करत नाही हे स्पष्ट. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती पुरते, म्हणजे उद्या लोकांनी ठरवलं तर तुम्ही दुरुस्तीचं कारण पुढे करून अडवायचं नाही.

बकुळ

हप्ते चोवीस महिन्यांचे ठेवते. ऑडिट पहिलं, अंदाजपत्रक त्यानंतर. अहवालाचा सारांश मीच मराठीत करून प्रत्येक दारात देईन. पुनर्विकास अडवणार नाही, पण त्यासोबत कन्व्हेयन्सच्या अर्जाचा ठराव त्याच सभेत घ्यायला लावीन, कारण पुनर्विकास खरंच हवा असेल तर सुरुवात तिथून आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत आहे. भाडेकरूंपैकी कुणाला गळती, वायरिंग, पाण्याबद्दल काही सांगायचं असेल तर त्यांचंही निवेदन घेऊन वाचून दाखवणार आहे, सभासद नसले तरी.

माजी सेक्रेटरी

हे सगळं करायला कमिटीत कोण आहे, ते लिहा. माझा प्रश्न अजून तोच आहे.